डावीकडची फेरी

लग्नाच्या आठवड्यात सासूने, अझूबाने, तिर्साला गच्चीवर मसूर निवडायला बसवून एकच गोष्ट बजावली होती. चूल कशी सांभाळायची किंवा सासऱ्याचा राग कसा झेलायचा, यातलं काही नाही. "तिर्से, वर मंदिराच्या आवारात डावीकडून फिरणारं माणूस दिसलं, तर उगाच उत्सुकतेपोटी तोंड उघडू नकोस. विचारणं सोपं असतं. पण विचारणाऱ्याला आशीर्वाद द्यावा लागतो, आणि तो दिल्यावर हात झटकून निघून जाता येत नाही."

तिर्सा हसली होती. ती गायकांच्या घरातली मुलगी. तिच्या माहेरी आशीर्वाद उठता-बसता, सुरात आणि बेसूर, दोन्ही तऱ्हांनी दिले जात. "आशीर्वाद देऊन कुणाचं काय जातं, आई?" असं तिने विचारलं, तेव्हा अझूबाने मसुरातला खडा बोटांत धरून लांब फेकला आणि म्हणाली, "जातं तेव्हा कळतं."

वर जाणारा प्रत्येकजण उजवीकडून आत शिरतो, उजवीकडूनच आवाराला वळसा घालतो आणि डावीकडून बाहेर पडतो. उलट फिरतात ती दोनच प्रकारची माणसं. एक, ज्यांच्या घरात मृत्यू झाला आहे. दुसरी, ज्यांना वडीलमंडळींनी वाळीत टाकलं आहे. उलट फिरणारा अख्ख्या गर्दीच्या तोंडावर येतो. आणि तो ज्याच्यासमोर येईल त्याने थांबून विचारायचं, काय झालं तुला, डावीकडून चालतोस? शोकात असेल तर देवाचं नाव न घेता म्हणायचं, या घरात राहणारा तुझं सांत्वन करो. वाळीत असेल तर काय म्हणायचं, यावर मात्र मंदिराच्या द्वारपालांच्या या एकाच घरात दोन पक्ष होते. सासरा तल्मोन म्हणे, "या घरात राहणारा तुझ्या मनात घालो, की तू आपल्या माणसांचं ऐकशील." अझूबा म्हणे, "या घरात राहणारा त्यांच्या मनात घालो, की ते तुला जवळ करतील." इतकी वर्षं एका ताटातलं मीठ खाऊन या दोघांनी एकमेकांचं वाक्य कधी तोंडातून काढलं नव्हतं.

त्या सकाळी तिर्सा पूर्वदरवाजाच्या आतल्या पायऱ्यांवर बाळंतिणींच्या रांगेत उभी होती. शुद्धीचे दिवस भरले होते. एका हातात वेताच्या पिंजऱ्यात कबुतरांची जोडी, दुसऱ्या हातावर तान्ही लेक पुआ. कापणीचा सण नुकताच उलटला होता, यात्रेकरू अजून पांगले नव्हते, त्यामुळे रांग गोगलगायीसारखी सरकत होती. पुआच्या छातीत शिट्टी वाजते आहे का, हे तिर्सा दर थोड्या वेळाने कान लावून ऐकत होती. बायका हसत होत्या. मागची एक म्हणालीदेखील, की पहिलटकरणीचं बाळ कानानेच वाढतं. तिर्साने मनावर घेतलं नाही. पुआ दोनदा पहाटे निळी पडली होती, आणि दोन्ही वेळा भिंतीपलीकडून शलोमीत सुईण लेपाची वाटी घेऊन धावत आली होती, म्हणून आज ती हातावर होती.

रांगेत उभ्या माणसाला बघत राहण्यावाचून काम नसतं. उत्तरेच्या भिंतीलगत एक बाई डावीकडून फिरत होती. माठाच्या रंगाची शाल, एक पाय जरासा ओढत टाकलेला. कमरेच्या गाठीतून एक चिमुकली चप्पल डोकावत होती. चपला आवारात आणायच्या नसतात, पायातही नाही आणि हातातही नाही. दारावर तिर्साचा नवरा यदीएलच उभा होता. त्याच्या नजरेतून ही गाठ सुटली असेल, असं शक्यच नव्हतं. म्हणजे त्याने पाहिलं होतं आणि जाऊ दिलं होतं. ती बाई पायऱ्यांच्या दिशेने येऊ लागली. तिर्साला विचारावंसं वाटलं, आणि तसं वाटलं तेवढ्यात तिने पुआच्या तोंडावरचं कापड सारखं करायला घेतलं. कापड सारखंच होतं. मान वर केली तोवर बाई पुढे निघून गेली होती.

तेवढ्यात शेजारी उभ्या अझूबाची नखं तिच्या दंडात रुतली.

बाईच्या मागून, बऱ्याच अंतराने, एक पुरुष डावीकडूनच येत होता. डोक्यावरून पांघरूण, वरचा ओठ झाकलेला, चेहऱ्यात दिसण्याजोगं काही नाही. पण टाच आधी रोवून चालायची ती पद्धत या घरातल्या सगळ्या पुरुषांची होती. जन्मभर दाराला खांदा लावून लावून त्यांचे पाय तसेच पडत.

"अक्कूब," अझूबा इतकंच म्हणाली.

अक्कूब तिचा थोरला. दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी वाळवंटाचं वारं सुटलं होतं, निम्मे द्वारपाल तापाने अंथरुणावर होते आणि पूर्वदरवाजाचं पितळी दार काही केल्या मिटेना. तिर्साचा भाऊ मत्तन्या गाणं आटोपून पायऱ्या उतरत होता. त्याने पाहिलं आणि धावत येऊन खांदा लावला. अक्कूबने लावू दिला. दार मिटलं. आता, लेव्यांमध्ये, म्हणजे मंदिरात सेवा करणाऱ्या कुळात, गाणाऱ्याने दाराला हात लावायचा नाही आणि दारवाल्याने गाणाऱ्यांच्या पायरीवर उभं राहायचं नाही, हे पोरांना चालायच्या आधी शिकवतात; अशा अदलाबदलीने जिवावर बेततं, असं वाडवडील सांगत आलेले. तल्मोन पूर्वदरवाजाचा मुख्य. त्याने दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन वडीलमंडळींना सांगितलं. मत्तन्या रडून-भेकून, कानउघाडणीवर सुटला. अक्कूबला फक्त चुकलो म्हणायचं होतं. तो म्हणाला, "दाराला खांदा कुणाचा ते कळत नाही." या एका वाक्यापायी तो वाळीत पडला. महिन्याभराने क्षमा मागून ते उठवून घ्यायचं असतं. तो बायकोला घेऊन यरीहोच्या चढावरच्या खजुरीच्या बागेत कामाला निघून गेला आणि परत फिरकला नाही.

त्याची जागा धाकट्या यदीएलकडे आली. आणि आता वसंतातल्या वल्हांडण सणाच्या सुमाराला तल्मोन पायऱ्यांवरून घसरला, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा किल्लीही यदीएलकडे आली. किल्लीबरोबर दारालगतच्या बोळातलं हे घर, आणि घराच्या भिंतीपलीकडे शलोमीत. थोरला परतला तर किल्ली त्याची. मग यदीएलने आणि तिर्साने गावाकडे जायचं, जिथे हाक मारली तर फक्त शेळ्या ऐकतात. हे सगळं तिर्साला स्पष्ट ठाऊक होतं. ती ते स्वतःशीसुद्धा पूर्ण वाक्यात बोलत नव्हती.

अक्कूब पायऱ्यांखालून गेला. वर पाहिलं नाही. लोक त्याला वळसा घालत होते. परगावच्या कुणीतरी थांबून विचारलं, त्याने ओठांतल्या ओठांत काही सांगितलं, परगावच्याने आशीर्वाद दिला आणि आपली वाट धरली. काय सांगितलं ते पायऱ्यांवर ऐकू आलं नाही. पण वाऱ्याने त्याचं पांघरूण क्षणभर बाजूला झालं आणि तिर्साला त्याचा अंगरखा दिसला. डाव्या बाजूला फाडलेला. गळ्यापासून थेट काळजापर्यंत.

ती बुचकळ्यात पडली. बायको, भाऊ, मूल, कुणीही गेलं तरी उजवीकडे वीतभर फाडतात आणि नंतर टाके घालतात. काळजापर्यंत फाडतात ते फक्त आईबापांसाठी. आणि आई तर इथे तिचा दंड धरून उभी होती.

दुपारी जेवताना कुणीच विषय काढत नव्हतं. तल्मोन भिंतीला टेकून, मोडका पाय उशीवर घेऊन बसला होता. जवाची भाकरी, शिरक्यात बुडवायला कांदा, थोडे जैतून. कांदा फार तिखट आहे यावरून तो अझूबावर डाफरून झाला होता. यदीएल मान खाली घालून जेवत होता. अक्कूब आल्याचं एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं आणि ठाऊक नसल्यासारखं चाललं होतं. तिर्साने हे किती वेळ सहन करावं? तिच्या डोक्यात सकाळपासून ती चीर भुणभुणत होती. ती म्हणून गेली, की भावोजींचा अंगरखा डावीकडे फाटलाय, पार खालपर्यंत.

अझूबाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "म्हणजे आपल्या दोघांतलं एकजण गेलंय," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि आपल्यालाच पत्ता नाही."

तल्मोन हसला नाही. त्याचा चेहरा हळूहळू पितळेसारखा होत गेला. "पत्ता आहे. मीच गेलोय. त्याच्या लेखी." त्याने कांदा ताटात टाकला. "जिवंत बापावर अंगरखा फाडलाय त्याने. आणि मिरवतोय कुठे, तर माझ्या दारासमोर."

मग तो बराच वेळ बोलत राहिला. आपण पोटच्या पोराला वडीलमंडळींपुढे उभं केलं ते सुखाने नव्हे. दार हे खेळणं नव्हे. गाणाऱ्यांच्या पोराने खांदा लावला म्हणून आज ना उद्या कुणीतरी गेलं असतं. गाणाऱ्यांचं नाव काढताना त्याने तिर्साकडे मुद्दाम पाहिलं नाही, ते पाहण्याहून जास्त लागलं. शेवटी त्याने सांगून टाकलं, या घरातलं कुणीही अक्कूबला विचारणार नाही. विचारणाऱ्याला आशीर्वाद द्यावा लागतो, आणि आपल्या घरातून त्याला आशीर्वाद जाणार नाही. यरीहोची माणसं उद्या उजाडता उतरतील, त्यांच्याबरोबर तोही जाईल. जाऊ दे.

तिर्साला वाटलं, आपण तोंड उघडलं नसतं तर निदान हे झालं नसतं. आणि तरी ते तिला पटत नव्हतं. रागाने अंगरखा फाडणारा माणूस असा खाली बघत चालतो? रागावलेला माणूस बघतो तरी, की आपण दिसतोय की नाही.

यदीएल दारावर जायला निघाला, तेव्हा ती बोळापर्यंत त्याच्यामागे गेली. "अहो, सकाळपासून ते तुमच्यासमोरून कितीदा गेले. तुम्ही का नाही विचारलंत?"

यदीएलने कमरेचा पट्टा आवळला, सैल केला, पुन्हा आवळला. "विचारलं असतं, आणि तो म्हणाला असता, परत यायचंय. मग?"

"मग काय?"

"मग तू सांग, काय." तो पुआकडे बघत होता. दोघंही एकाच बाजूला उभी होती, आणि त्या बाजूला उभं राहायचं दोघांनाही बरं वाटत नव्हतं.

घरात आली तर अझूबा कोपऱ्यात बसून पुआची लंगोटं घडी करत होती. एकच लंगोट पुन्हा पुन्हा. तिर्साने तिला म्हटलं, आई, तुम्ही जा, तुम्हाला कोण अडवणार. अझूबाने मान हलवली. नवऱ्याच्या शब्दापेक्षा तिला दुसरीच भीती होती. "मी आई. मी विचारलं तर तो मला बरं वाटेल असं काहीतरी सांगेल. लहानपणी गुडघा फुटला तरी नाही लागलं म्हणायचा." मग लंगोट बाजूला ठेवून म्हणाली, "मी तुला गच्चीवर काय सांगितलं होतं, ते आता परत सांगू का?"

"नको," तिर्सा म्हणाली. "पाठ आहे."

ती पुआला कडेवर घेऊन, कबुतरांचा पिंजरा वर राहिलाय असं पुटपुटत, निघाली. पिंजरा चुलीशेजारी होता. अझूबाने तो पाहिला आणि त्याच्यावर फडकं टाकलं.

उन्हं कलली होती. आवारात गर्दी ओसरली होती. तिर्सा उजवीकडून आत शिरली आणि चालू लागली. समोरून येणाऱ्याला शोधावं लागत नाही, तो आपोआप येतो. ती युक्ती कुणी काढली असेल याचं तिला नेहमी कुतूहल वाटे. दक्षिणेच्या ओवऱ्यांच्या सावलीत तो आला. चार हातांवर तो थांबला, कारण वाळीत असलेल्याने याहून जवळ यायचं नसतं. पांघरुणातून फक्त डोळे दिसत होते. ते पुआवर खिळले. पुआ जन्मली हे त्याला ठाऊक नव्हतं.

तिर्साने विचारलं, "काय झालं तुम्हाला, डावीकडून चालता?"

या घरातलं कुणी विचारेल असं त्याला वाटलं नसावं. "शोक करतोय," तो म्हणाला. आणि विचारण्याची पद्धत नसताना आपणहून पुढे म्हणाला, "बाप गेला."

आशीर्वाद तिर्साच्या जिभेवर आला होता. या घरात राहणारा तुमचं... तिने तो तिथेच गिळला. जिवंत माणसाच्या मरणावर सांत्वन मागायचं म्हणजे ते मरण खरं करायचं. आणि या माणसाच्या डोळ्यांत राग नव्हता. महिनाभर न झोपलेल्या माणसाचे डोळे होते ते.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"दाराने."

तिला वाटलं, दुःखाने याचं डोकं फिरलंय. मग तो सांगू लागला, तुटक तुटक. चढावरच्या बागेत, वारं इकडचं असलं की, पहाटे पूर्वदरवाजा उघडल्याचा आवाज येतो. बाकीचे म्हणतात, भास. त्याला येतो. ज्याने त्या दाराला वीस वर्षं खांदा दिला त्याला कसा येणार नाही? आणि बाबांचं उघडणं तर हजारात ओळखू यावं. दार अर्ध्यावर आलं की ते थांबवतात. एक श्वास. मग उरलेलं. इतका भार अर्ध्यावर थांबवणं येरागबाळ्याचं काम नाही. दोन वर्षं रोज पहाटे तो त्या थांबण्याची वाट पाहत असे. ते ऐकू आलं की म्हणे, आहे म्हातारा. आणि खजुरीवर चढे. बाप बोलत नसेना का, दार बोलत होतं.

"वल्हांडणानंतर एके दिवशी दार थांबलंच नाही. एका दमात उघडलं. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही." त्याने पांघरूण गळ्याशी घट्ट धरलं. "जिवात जीव असता तर त्यांनी ते दार कुणाला तसं उघडू दिलं नसतं. मी वाट पाहिली, कुणीतरी निरोप धाडेल. वाळीतल्याला कोण निरोप धाडणार? मग फाडला अंगरखा."

तिर्साला एकदम हसू फुटलं. पुआ दचकून रडू लागली. आणि त्या रडण्यात तिला लख्ख दिसलं, की आता आपण जे बोलू त्याने बोळातलं घर जाईल आणि शलोमीतची भिंत जाईल. न बोलता नुसतं सांत्वनाचं वाक्य म्हटलं, तर उद्या उजाडता हा उतरून जाईल आणि कुणालाही कधी काही कळणार नाही. विचारणाऱ्याचं काय जातं ते तिला आता कळलं.

"भावोजी, बाबा घरी आहेत. पायऱ्यांवरून पडले, मांडीचं हाड मोडलं. दार तुमचा धाकटा भाऊ उघडतो. आज दुपारी कांदा तिखट निघाला म्हणून बाबा आईंवर केवढे उखडले, सांगू?"

अक्कूब होता तिथे फरशीवर बसला. जाणारे येणारे त्याच्याभोवतीने, चार हात राखून, जात राहिले.

तिर्सा घरी कशी पोचली ते तिला नंतर आठवेना. तिने तल्मोनला सगळं सांगितलं, एका दमात, उंबरठ्यावर उभी राहूनच. म्हातारा ऐकत राहिला. अझूबाने तोंडाला पदर लावला होता. शेवटी तल्मोनने जे विचारलं, त्याची दोघींनी कल्पना केली नव्हती.

"यद्या मध्ये थांबत नाही?"

तिर्साने मान हलवली. पहिल्याच दिवशी यदीएल घरी येऊन फुशारकीने म्हणाला होता, की बाबा थकले होते म्हणून त्यांना अर्ध्यावर दम खावा लागे. आपण एकाच रेट्यात उघडलं.

"दम खायला?" तल्मोन म्हणाला. "वर चौकटीच्या फटीत चिमण्या झोपतात. अर्ध्यावर थांबलं की उडून जातात. नाही थांबलं तर..." त्याने दोन तळवे एकमेकांवर घासले. मग खिडकीकडे बघत म्हणाला, "आणि हा गाढव तिकडे बसून माझा श्वास मोजत होता." थोड्या वेळाने, जणू दुसऱ्याच कुणाला सांगावं तसं, त्याने सांगितलं, "काठी द्या."

बोळ चढायला त्यांना फार वेळ लागला. पूर्वदरवाजाशी माणसं खांदे सरसावून उभी होती, मिटायची वेळ झाली होती. यदीएलने बापाला पाहिलं, मागे पुआला कडेवर घेतलेली बायको आणि आई पाहिली, आणि त्याला सगळं कळलं असावं. त्याने फक्त हात पुढे केला. आवारात काठी न्यायची नाही. चाळीस वर्षं तल्मोनने लंगड्या-पांगळ्या यात्रेकरूंच्या काठ्या याच ठिकाणी काढून घेतल्या होत्या. त्याने आपली काठी पोराच्या हातात ठेवली, एक हात अझूबाच्या खांद्यावर टाकला, दुसरा तिर्साच्या, आणि उजवीकडून आत शिरला.

अक्कूब समोरून येतच होता. बापाला पाहून त्याची पावलं अडखळली, मग एकदम भराभर पडू लागली. ते जवळ येणं पाहून तल्मोनचा मोडका पाय लटपटला, तिर्साच्या खांद्यावर सगळा भार आला, आणि अक्कूब हात पसरून धावला.

"तिथेच थांब," तल्मोन म्हणाला. "आधी विचारू दे."

अक्कूब चार हातांवर थांबला. हात तसेच पसरलेले.

"काय झालं तुला, डावीकडून चालतोस?"

अक्कूबने डोक्यावरचं पांघरूण खाली घेतलं. ओठ उघडा केला. फाटलेला अंगरखा त्याने मुठीत धरून झाकला, लाजल्यासारखा. आता शोक म्हणता येत नव्हतं. उरलं होतं ते एकच.

"मी वाळीत आहे, बाबा. मी ऐकलं नाही."

तल्मोन म्हणाला, "या घरात राहणारा..." आणि थांबला. तिर्साच्या खांद्यावर त्याची बोटं आवळली. अझूबा नवऱ्याकडे पाहत नव्हती. ती फरशीकडे पाहत होती. मागून दाराच्या माणसांपैकी कुणीतरी ओरडला, की अर्ध्यावर किती वेळ धरून ठेवायचं, हात गळायला आले. यदीएलचा आवाज आला, "धरा. थांबवा म्हटलं ना, धरा."

"...त्यांच्या मनात घालो," तल्मोन म्हणाला, "की ते तुला जवळ करतील." आणि मग, वाक्यात नसलेलं, "त्यांच्यात मला पहिला धर. उद्या वडीलमंडळींकडे जाऊ. तू तिथे चुकलो म्हण. मग मीही काहीतरी म्हणेन."

अर्ध्यावर धरलेल्या दारावरून चिमण्या आत येत होत्या. पुआसकट ते पाचजण बाहेर पडले, अक्कूब चार हात राखून सगळ्यांत मागे, आणि मग दार मिटलं.

अक्कूबचं वाळीत असणं आठवड्याच्या आत उठलं. किल्लीचं त्या घरात त्यानंतरही बरेच दिवस कुणी बोललं नाही. पण तिर्सा दुसऱ्याच सकाळी भिंतीपलीकडे जाऊन बसली आणि शलोमीतकडून लेप कसा वाटायचा, किती ऊन करायचा, शिट्टी कुठल्या बाजूला वाजली तर बाळाला कुठल्या कुशीवर घ्यायचं, हे शिकू लागली. शलोमीतने विचारलं, एवढी कसली घाई, मी काय कुठे चाललेय? तिर्सा म्हणाली, तुम्ही नाही.

एक गोष्ट मात्र राहून गेली. माठाच्या रंगाच्या शालीतली ती बाई. ती त्या संध्याकाळीही वर होती. अक्कूबला शोधताना तिर्सा तिच्यासमोरून गेली, दोन हातांवरून, कडेवर पुआ असताना, आणि या वेळीही तिचा हात पुआच्या कापडाकडे गेला. दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम लवकर गेली, तेव्हा उत्तरेच्या भिंतीशी कुणी नव्हतं. तेव्हापासून वर जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगते, आणि हे वाचताय तर तुम्हालाही सांगते आहे: तुम्ही वर गेलात तर उत्तरेच्या भिंतीकडे एकदा बघा. एक पाय जरा ओढत चालते. कमरेच्या गाठीत लहान मुलाची एक चप्पल आहे. कुणी विचारलं नसेल तर तिला विचारा, आणि ती सांगेल ते उभं राहून पूर्ण ऐका.